मुंबई आणि तिचे दूरचे राजे

मुंबई बेट इंग्लंडच्या राजास आंदण मिळालें, हें वाक्य आपल्यांतील प्रत्येक विद्यार्थ्यानें इतिहासाच्या पुस्तकांत वाचलेलें आहे आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीं पाठहि केलेलें आहे. आम्हींहि अनेक वर्गांना तें शिकविलें. परंतु गेल्या पावसाळ्यांत हाच पाठ चालला असतां मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला आणि त्यानें विचारलें, "सर, मग तो राजा आपलें आंदण पाहावयास केव्हां आला?" वर्गांत हंशा पिकला. मुलगा बिचारा ओशाळून खालीं बसला. पण पुढें विचार करितां आम्हांस वाटलें कीं, हंसण्यासारखें त्यांत कांहींच नव्हतें. घरीं कोणी साधी पितळेची घागर आंदण आणली, तरी ती चारचौघांत फिरवून पाहिली जाते. येथें तर अख्खें बंदर आंदण गेलें होतें.

त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, तो राजा कधींच आला नाहीं. ज्या राजकन्येचें तें आंदण, तिनेंहि मुंबई पाहिली नाहीं. गादीवर असलेल्या इंग्लंडच्या राजाचे पाय मुंबईच्या किनाऱ्यास लागले ते १९११ सालीं, म्हणजे आंदणाचा करार झाल्यापासून २५० वर्षांनीं. मग एवढ्या काळांत ह्या शहराला राजा होता म्हणजे काय होतें? आमच्या मतें त्याला राजाचें नांव तेवढें होतें. त्या नांवाचा उपयोग मात्र ज्यानें त्यानें आपापल्या परीनें केला, आणि तो कसकसा केला हें पाहण्याजोगें आहे.

प्रथम आंदणाची हकीकत. आज ज्यास आपण मुंबई म्हणतों तीं त्या काळीं सात बेटें होतीं. भरतीच्या वेळीं त्यांच्यामधून समुद्राचें पाणी खेळत असे. गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें १५३४ सालीं वसई व तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांस दिला, त्यांतच हीं बेटें गेलीं. कोळ्यांचीं होडकीं, भंडाऱ्यांच्या माडांच्या वाड्या, कुणब्यांचीं भातशेतें आणि दहाएक हजारांची वस्ती, एवढाच तेथील पसारा. त्यापेक्षां वसईचें वैभव कितीतरी मोठें होतें. पुढें १६४० सालीं पोर्तुगालनें स्पेनच्या राजाचें जूं झुगारून दिलें. परंतु स्पेन तें मान्य करीना, आणि इकडे पूर्वेकडील समुद्रांत डच लोक पोर्तुगीजांचें एकेक ठाणें घेत चालले. १६५६ सालीं कोलंबो गेलें. अशा वेळीं पोर्तुगालास बलाढ्य सोयरा पाहिजे होता. म्हणून राजकन्या कॅथेराइन हिचा विवाह इंग्लंडचा राजा दुसरा चार्लस याच्याशीं ठरला. २३ जून १६६१ रोजीं करार झाला. वीस लाख क्रुझादो रोख, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील टँजिअर हें शहर आणि अकराव्या कलमान्वयें मुंबईचें बंदर व बेट, असें हें आंदण होतें. बदल्यांत हिंदुस्थानांतील पोर्तुगीज ठाण्यांचें डचांपासून रक्षण करण्याचें इंग्लंडच्या राजानें कबूल केलें. हें कबूल केलेलें रक्षण कितपत झालें तें पाहावयाचें असेल, तर १६६३ सालीं डचांनीं कोचीन घेतलें एवढें सांगणें पुरे.

मौज अशी कीं, ज्याला हें बेट मिळालें त्याच्या दरबारांत तें आहे तरी कसें हें कोणास धड ठाऊक नव्हतें. मुंबई, साष्टी आणि आसपासची बेटें मिळून एकच सलग भूमि आहे, अशी चार्लस राजाची व त्याच्या प्रधानाची समजूत करून दिली गेली होती. १६६२ सालीं अर्ल ऑफ मार्लबरो हा पांच जहाजें घेऊन निघाला. त्याच्याबरोबर सर अब्राहाम शिपमन हा नियोजित गव्हर्नर आणि ४०० शिपाई होते. शिवाय अंतोनियो द मेलो इ कास्त्रो हा पोर्तुगीजांचा नवा व्हाइसरॉयहि त्याच आरमाराबरोबर येत होता. सप्टेंबरांत जहाजें मुंबईस लागलीं. मार्लबरो म्हणाला, साष्टीहि आमचीच. व्हाइसरॉय म्हणाला, करारांत मुंबई बेटापलीकडे एक तसूहि जमीन नाहीं. आणि तें बेट तरी कसें द्यावें, शिपमनचीं अधिकारपत्रें नियमाप्रमाणें नाहींत! कागदपत्र नियमाप्रमाणें नाहींत हें सरकारी अंमलदाराचें हत्यार किती पुरातन आहे, तें आमच्या पालकवाचकांस निराळें सांगावयास नको. वस्तुतः व्हाइसरॉयास भीति निराळीच होती. पुढें त्यानें आपल्या राजास कळविलें कीं, ज्या दिवशीं इंग्रज मुंबईंत पक्के बसतील त्या दिवशीं हिंदुस्थान आपल्या हातचा गेला असें समजावें. त्याची ही दूरदृष्टि पुष्कळ अंशीं खरी ठरली.

राजाराजांच्या ह्या पत्रापत्रींत भरडले गेले ते शिपाई. मुंबई मिळेना, सुरतेस उतरावें तर मोगल अंमलदार खवळतील अशी धास्ती. म्हणून त्यांस कारवारजवळील अंजदीव नांवाच्या ओसाड बेटावर नेऊन ठेवण्यांत आलें. तेथें ना धड निवारा, ना पुरतें अन्न. कोंकणच्या पावसाळ्याची ज्यांस कल्पना नाहीं अशीं तीं माणसें ताप आणि रक्तपिती यांनीं पटापट मेलीं. लंडनला विचारावें तर जहाजास जावयास निम्में वर्ष आणि उत्तर यावयास निम्में वर्ष. १६६४ च्या एप्रिलांत खुद्द शिपमन तेथेंच वारला. जानेवारी १६६५ मध्यें त्याचा चिटणीस हंफ्रे कुक यानें व्हाइसरॉयच्या सर्व अटी मान्य करून सही केली आणि फेब्रुवारींत बेटाचा ताबा घेतला, तेव्हां त्या ४०० पैकीं शंभराच्या आसपास शिल्लक होते. लग्नाच्या आंदणाची ही किंमत ज्यांनीं दिली त्यांचीं नांवें कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत नाहींत. आपल्या वर्गांत "आंदण मिळालें" असें दोन शब्दांत म्हणून आपण पुढें जातों, तेव्हां मधलीं हीं तीन वर्षें आपल्या ध्यानांत येत नाहींत.

एवढ्या सायासानें मिळालेलें बेट राजानें किती दिवस ठेवलें? अवघीं तीन वर्षें. बेटाचें उत्पन्न थोडें, शिबंदीचा खर्च फार, आणि चार्लसच्या तिजोरींत खडखडाट. २७ मार्च १६६८ च्या सनदेनें त्यानें मुंबई ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकली. खंड ठरला दरसाल १० पौंड सोनें, दर वर्षीं ३० सप्टेंबर रोजीं भरावयाचें. सनदेंतील एक शब्दयोजना फार गमतीची आहे. मुंबई बेट हें केंट परगण्यांतील ईस्ट ग्रीनिच ह्या राजाच्या मौजाचा एक भाग आहे असें समजून कंपनीनें तें धारण करावें, असें तींत म्हटलें आहे! माहीमचा कोळी आणि परळचा कुणबी यांस कोणी सांगितलें असतें कीं, बाबांनो, तुमचें शेत कायद्यानें लंडनजवळच्या एका गांवांत आहे, तर त्यांनीं त्या सांगणाऱ्यास मांत्रिकाकडेच नेलें असतें. इंग्लंडच्या वसाहतींच्या सनदांत हा सांचा त्या काळीं नेहमींचा होता, ही गोष्ट खरी. परंतु दूरच्या राजाच्या दृष्टीनें शहर म्हणजे काय असतें, तें ह्यावरून चांगलें कळतें. गणिताची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा: पुढें १९० वर्षांनीं कंपनीचें राज्य संपलें, तोंपर्यंत हा खंड न चुकतां भरला असें धरलें, तरी एकूण रक्कम होते १,९०० पौंड.

शहर खरें उभें राहिलें तें येथें राहणाऱ्या माणसांच्या हातून. १६६९ सालीं आलेला गव्हर्नर जेराल्ड आंजियर हा पुष्कळ शहाणा. त्यानें १६७२ सालीं न्यायासन स्थापिलें, जातीजातींच्या पंचायतींस आपापले तंटे तोडण्याची मोकळीक दिली, व्यापाऱ्यांस त्यांच्या धर्माची आणि रीतिभातीची हमी देऊन बोलाविलें. गुजराथी वाणी, पारशी, आर्मेनियन, मुसलमान आणि कोंकणांतील असंख्य कामकरी लोक वसूं लागले. न्याय होई तो चार्लस राजाच्या नांवानें; राजास त्याची वार्ताहि नसे. ह्याच सुमारास, जून १६७४ मध्यें, मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन हा रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकास गेला होता. तेथील राजा त्याच्या समोर सिंहासनावर बसला होता, आणि डोंगराखालच्या प्रजेनें त्याला डोळ्यांनीं पाहिलें होतें. मुंबईच्या रहिवाशांचा राजा मात्र केवळ कागदावरच्या मोहरेंत होता.

ह्या मोहरेवरील नांवाची खरी परीक्षा झाली ती १६८३ सालीं. आमच्या मतें मुंबईच्या इतिहासांतील हें सर्वांत विलक्षण प्रकरण होय, आणि शाळेंत तें कोठेंच शिकवीत नाहींत. कंपनीच्या संचालकांनीं खर्च कमी करावयाचा म्हणून शिबंदी घटविली आणि शिपायांच्या पगारास कात्री लावली. इकडे जंजिऱ्याचा सिद्दी आणि संभाजी महाराज यांच्यामध्यें समुद्रावर झगडा चाललेला. मुंबई त्या दोहोंच्या कैचींत सांपडलेली. २७ डिसेंबर १६८३ रोजीं शिबंदीचा मुख्य कप्तान रिचर्ड केग्विन यानें कंपनीचा डेप्युटी गव्हर्नर वॉर्ड यास कैद केलें, आणि कंपनीचा अंमल संपला, हें बेट आतां राजाचें, अशी द्वाही फिरविली. शिपायांनीं व रहिवाशांनीं केग्विनलाच गव्हर्नर निवडलें. त्यानें राजास पत्र लिहून कळविलें कीं, आम्ही बंडखोर नव्हे. आपल्या बेटाची कंपनी नासाडी करीत आहे, म्हणून आम्हीं तें आपल्यासाठीं राखिलें आहे.

विचार करा: राजाच्या नांवानें बंड! ज्या कंपनीस राजानें स्वतः सनद दिली, तिच्याविरुद्ध त्याच राजाची दुहाई! पण त्यांस दुसरें कोणतें नांव घेतां आलें असतें? केग्विननें जवळजवळ अकरा महिने कारभार केला. संभाजी महाराजांकडे वकील पाठवून व्यापाराच्या चांगल्या सवलती मिळविल्या, आणि कंपनीला जें साधलें नव्हतें तें साधलें. त्याच्या पत्राचें उत्तर नोव्हेंबर १६८४ मध्यें जहाजांवरून आलें. सर टॉमस ग्रँथम हा राजाची लेखी आज्ञा घेऊन आला होता: बेट कंपनीच्या हवालीं करावें. ज्या राजासाठीं म्हणून हें सर्व केलें, त्यानेंच नकार दिला. केग्विननें आज्ञा मस्तकीं धरली, माफी मिळविली, आणि बेट सोडून तो निघून गेला. पुढें १६९० सालीं वेस्ट इंडीजमधील सेंट ख्रिस्तोफर बेटावर इंग्रज सैन्य उतरवीत असतां तो लढाईंत पडला. राजाच्या नांवावर इतका भाबडा विश्वास ठेवणारा दुसरा मनुष्य आम्हांस ह्या शहराच्या इतिहासांत आढळला नाहीं. केग्विनचें वर्तन योग्य होतें कीं नाहीं यावर वर्गांत वादविवाद ठेवावा, असा आमचा बेत आहे.

अठराव्या शतकाविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. राजा त्यांत कोठें दिसतच नाहीं. चिमाजी आप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतली, इंग्रजांनीं १७७४ सालीं साष्टी घेतली, वरळीची खाडी बांध घालून बुजविली गेली, गोदी वाढली. त्या काळच्या नाण्यांकडे पाहिलें तर एक चमत्कार दिसतो. मुंबईच्या टांकसाळींत आरंभीं इंग्लंडच्या राजाच्या नांवानें रुपये पाडून पाहिले. पण आसपासच्या मुलखांत ते चालेनात आणि औरंगजेबासहि तें रुचलें नाहीं. अखेरीस १७१७ पासून इंग्रज राजाच्या ह्या शहरांत दिल्लीच्या बादशहाच्या नांवाचे रुपये पाडण्यांत येऊं लागले. इंग्लंडच्या राजाचा मुखवटा सर्व कंपनीमुलखाच्या रुपयावर आला तो १८३५ सालीं, चवथ्या विल्यमच्या कारकीर्दींत. म्हणजे मुंबईच्या बाजारांतील मनुष्याच्या हातांत आपल्या राजाचें तोंड पडावयास आंदणापासून पावणेदोनशें वर्षें लागलीं.

१८५७ च्या उठावानंतर कंपनीचें राज्य गेलें. १ नोव्हेंबर १८५८ रोजीं मुंबईच्या टाऊन हॉलच्या पायऱ्यांवरून राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचण्यांत आला. त्या पायऱ्या आजहि आहेत. तेथें एशियाटिक सोसायटीचें ग्रंथालय आहे, आणि आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांनीं त्या पायऱ्यांवर बसून परीक्षेचा अभ्यास केलेला आहे. जाहीरनाम्यांत दोन गोष्टी मुख्य होत्या. कोणाच्या धर्मांत सरकार हात घालणार नाहीं ही एक. आणि लायकी असेल त्या प्रजाजनास जातिधर्म न पाहतां सरकारी नोकरींत घेतलें जाईल ही दुसरी.

आतां केग्विनच्याच मार्गानें, परंतु तलवारीऐवजीं लेखणी घेऊन, मुंबईकर सुशिक्षित लोक राजाच्या शब्दाचा आधार घेऊं लागले. एल्फिन्स्टन कॉलेजांत गणित शिकविणारे दादाभाई नौरोजी यांनीं जन्मभर हेंच केलें. अंमलदारांचें वर्तन राणीच्या वचनाशीं जुळत नाहीं, एवढेंच ते पुन्हां पुन्हां आंकड्यानिशीं दाखवीत. १८८५ च्या डिसेंबरांत मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत ७२ प्रतिनिधींची जी पहिली राष्ट्रीय सभा भरली, तिचीहि भाषा हीच होती. वचन तर दिलें होतें. पण मुलकी नोकरीची परीक्षा लंडनांतच होत असे. मुंबईच्या हुशार मुलानें समुद्र ओलांडून जावें, बापानें त्यासाठीं कर्ज काढावें, आणि मग लायकी ठरावी. ही परीक्षा हिंदुस्थानांत घेण्यास आरंभ झाला तो १९२२ सालीं. १८५८ आणि १९२२ ह्या दोन सालांची वजाबाकी विद्यार्थ्यांनींच करावी.

राणी स्वतः हिंदुस्थानांत कधींच आली नाहीं. तिच्याऐवजीं संगमरवरी पुतळा आला. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनीं तो देऊं केला आणि १८७२ सालीं त्याचें अनावरण झालें. तिच्या राज्याच्या पन्नासाव्या वर्षीं, १८८७ त, बोरीबंदरच्या भव्य स्टेशनास तिचें नांव मिळालें. तेंच आजचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस. परंतु त्याच संगमरवरी राणीस १८९६ सालीं दामोदर चापेकर यांनीं डांबर फांसलें. कर्ज काढणारा बाप आणि डांबर फांसणारा तरुण हे दोघेहि एकाच नांवाकडे पाहत होते, हें विसरून चालणार नाहीं.

एव्हांना वाट जवळ झाली होती. १८६९ त सुवेझचा कालवा उघडला, १८७० त समुद्राखालची तार मुंबईस पोंचली. १८७५ च्या नोव्हेंबरांत राणीचा वडील मुलगा आला आणि त्यानें नव्या गोदीचा पाया घातला. तिलाच प्रिन्सेस डॉक म्हणतात. १९०५ त नातू आला व त्यानें वस्तुसंग्रहालयाची कोनशिला बसविली. तोच नातू पुढें राजा पंचम जॉर्ज म्हणून २ डिसेंबर १९११ रोजीं राणी मेरीसह अपोलो बंदरावर उतरला. आमच्या वर्गांतील मुलाच्या प्रश्नाचें खरें उत्तर तें हेंच.

राजा गेटवे ऑफ इंडियामधून आंत आला, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चूक आहे. तेव्हां तेथें तात्पुरता उभारलेला मंडप होता. दगडी दरवाजाचा पाया १९१३ सालीं घातला गेला, जॉर्ज विटेट याचा नकाशा १९१४ त मंजूर झाला, आणि इमारत १९२४ च्या डिसेंबरांत उघडली. म्हणजे ज्याच्यासाठीं दरवाजा, तो १३ वर्षें आधींच येऊन गेला होता! पाहुणा गेल्यावर तोरण बांधण्याचा हा प्रकार आहे, पण तोरण मोठें सुरेख आहे यांत संशय नाहीं.

मधल्या काळांत शहराचें मन पालटलें होतें. १७ नोव्हेंबर १९२१ रोजीं ह्या राजाचा मुलगा, युवराज एडवर्ड, त्याच बंदरावर उतरला, तेव्हां स्वागतावर बहिष्कार पडला होता. परळास गांधीजींच्या सभेंत परदेशी कापडाची होळी पेटली. दुर्दैवानें गोष्ट तेथें थांबली नाहीं. स्वागतास गेलेल्या लोकांवर हल्ले झाले, उलट हल्ले झाले, गोळीबार झाला. पन्नासांहून अधिक माणसें मेलीं. गांधीजींनीं शांतता होईपर्यंत उपवास आरंभिला. अंजदीवाप्रमाणें येथेंहि मेलेल्यांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत.

स्वातंत्र्यानंतर, २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं, सॉमरसेट लाइट इन्फंट्री ही शेवटची इंग्रज पलटण गेटवेच्या कमानींतून चालत जाऊन जहाजाकडे गेली. हिंदी पलटणींनीं तिला मानवंदना दिली आणि त्याच दरवाजाची चांदीची प्रतिकृति भेट दिली. १९६१ सालीं राणी दुसरी एलिझाबेथ मुंबईस आली, ती स्वतंत्र देशाची पाहुणी म्हणून. आंदणाच्या करारास त्या वर्षीं ३०० वर्षें झालीं होतीं.

विद्यार्थ्यांनीं सुट्टींत पालकांसह गेटवेला जावें आणि कमानीवरील लेख स्वतः वाचावा. त्यांत १९११ चें साल रोमन अंकांत आहे. तेथून थोडें चालल्यावर काळा घोडा लागतो. त्या घोड्यावर युवराजपदीं असतांनाचा सातवा एडवर्ड बसलेला होता. तो पुतळा १९६५ सालीं हलविला, आणि तो आतां भायखळ्यास राणीच्या बागेंत आहे. चौकाचें नांव मात्र लोकांनीं बदललें नाहीं. २०१७ सालीं तेथें नवा काळा घोडा बसविला आहे. त्यावर स्वार नाहीं.